उरलेले भ्रूण संशोधनाला द्यायचे का? फॉर्म येऊन पडलाय

रंकाळाकाठ (धागाकर्ती)

मंडळी, विषय घरातला आहे. घरात बोलून बोलून सगळे दमले, म्हणून इथं टाकतेय.

आमची लेक आयव्हीएफची. यंदा पहिलीत गेली. तिच्या वेळी तयार झालेल्यांपैकी काही भ्रूण अजून सेंटरच्या टाकीत आहेत, द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. दरवर्षी त्याचं भाडं भरतो. दुसरं मूल नको हे आमचं दोघांचं पक्कं झालंय. अशात सेंटरकडून कुरिअरनं फॉर्म आला. सगळा इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. शेवटच्या पानावर तीन चौकटी: साठवण पुढं चालू, नष्ट होऊ द्या, संशोधनासाठी द्या. तिसरीपुढं फक्त एक ओळ. कुठलं संशोधन, कोण करणार, कुठल्या गावात, काही पत्ता नाही. सह्या मात्र दोघांच्याही, प्रत्येक पानावर.

२०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानं भ्रूण दहा वर्षांच्या वर ठेवता येत नाहीत. त्यानंतर एकतर नष्ट होऊ द्यायचे, नाहीतर जोडप्याच्या संमतीनं नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे. म्हणजे आज ना उद्या टिक करावीच लागणार.

नवरा म्हणतो, वाया जाण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येऊ देत. सासूबाई म्हणतात, "टाका म्हणवत नाही आणि कापायला द्या असंही म्हणवत नाही. भाडं भरत बसा." फाइलीत त्या वेळचा फोटो आहे. सोनोग्राफीच्या कागदासारखाच गुळगुळीत कागद, करडं वर्तुळ, आत एका अंगाला पेशींचा पुंजका, खाली निळ्या पेनानं लिहिलेली ग्रेड. लेकीचाही असाच एक फोटो त्याच फाइलीत आहे, आणि दोन्हींत मला काडीचा फरक दिसत नाही. माझी अडचण तीच आहे.

कुणी यातून गेलंय का? संशोधनात नेमकं काय करतात? उपदेश नको, माहिती आणि मत दोन्ही चालेल.

तांबडापांढरा

लई अवघड विषय काढलासा ताई. मी मागं बसून वाचतोय. एकच शंका: हे गर्भपातातनं काढतात ना? मग आपल्याकडं चालतं कसं?

पेशीवाली

तांबडापांढरा, नाही, आणि हा गैरसमज आधी बाजूला ठेवूया. मी बावड्यात शिकले, आता पुण्यात पेशींवरच काम करते, त्यामुळं जरा लांबण लावते.

बीजांड आणि शुक्राणू डिशमध्ये एकत्र आल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी जे तयार होतं त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. शंभर-दोनशे पेशी, आकार टाचणीच्या डोक्याहून बारीक. बाहेरच्या थरातून पुढं वार बनते, आतल्या पुंजक्यातून बाळाचं शरीर. रंकाळाकाठ, तुमच्या फोटोतला पुंजका तो हाच. तो वेगळा काढून डिशमध्ये नीट वाढवला तर पेशी वर्षानुवर्षं विभागत राहतात, आणि त्यांच्यापासून हृदयाची, मेंदूची, स्वादुपिंडाची अशी हवी ती पेशी घडवता येते. यांनाच मूलपेशी किंवा स्टेम सेल म्हणतात. एका भ्रूणापासून तयार झालेली अशी पेशीमालिका जगभरच्या प्रयोगशाळांना पुरते. मात्र पुंजका काढला की त्या भ्रूणाचं बाळ होणं संपलं. नैतिकतेचा सगळा वाद या एका गोष्टीवर उभा आहे.

माणसाच्या अशा पेशी पहिल्यांदा १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात वेगळ्या केल्या. उंदराच्या १९८१ पासून होत्या. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ठरवलं की सरकारी पैसा फक्त आधीच तयार असलेल्या मालिकांवर खर्च होईल, नव्या भ्रूणांवर नाही. तेव्हा तिथल्या एनआयएचनं (सरकारी आरोग्य संशोधन संस्था) जगभरच्या ६४ मालिकांची यादी काढली. त्यातल्या १० भारतातल्या होत्या: ७ मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या आणि ३ बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्राच्या. (यादीतल्या बहुतेक पुढं कागदावरच राहिल्या, तो भाग सोडा.) नंतर परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत आणि बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्येही मालिका तयार झाल्या. बंगळूरच्या मालिका तर गर्भाशयात सोडायला निकामी ठरलेल्या भ्रूणांपासूनच्या आहेत.

आपल्याकडं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्गदर्शक तत्त्वं आहेत, शेवटची सुधारणा २०१७ ची. त्यानुसार भ्रूण डिशमध्ये १४ दिवसांपलीकडं वाढवायचा नाही. भ्रूण दिल्याबद्दल पैसे घ्यायचे नाहीत. आणि तुमच्यावर उपचार करणारा डॉक्टर आणि संशोधन करणारा माणूस एकच असता कामा नये. हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

मास्तर_गडहिंग्लज

१४ दिवस कुठून आले हे कळलं तर बरं.

पेशीवाली

सर, ब्रिटनमधल्या वॉरनॉक समितीकडून, १९८४. साधारण पंधराव्या दिवशी भ्रूणावर एक रेघ उमटते. शरीराचं डोकं-शेपूट, डावं-उजवं तिथून ठरतं. त्याआधी एका भ्रूणाचे दोन होऊन जुळी होऊ शकतात, म्हणजे 'हा एक जीव' असं ठामपणे म्हणता येत नाही, असा तो युक्तिवाद. १९९० मध्ये तो तिथं कायदा झाला. खरं सांगायचं तर तेव्हा १४ दिवस कुणाला वाढवताच येत नव्हते, म्हणून मर्यादा मान्य करणं सोपं गेलं. २०१६ मध्ये तेराव्या दिवसापर्यंत मजल गेली आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मूलपेशी संशोधन संघटनेनं ही मर्यादा 'कदापि नाही' या यादीतून काढली. रेघ अडचणीची झाली की रेघच हलवायची, हे मला लॅबमध्ये असूनही पटलेलं नाही.

जयसिंगपूरकर

ताई, मी जैन. आमच्यात हा वाद दिवसांचा नाहीच. गर्भ राहिल्या क्षणापासून जीव, आणि तोही पंचेंद्रिय. त्यामुळं पाचवा दिवस की पंधरावा यानं आम्हाला फरक पडत नाही.

'नाहीतरी नष्टच होणार आहेत, मग वापरा' हे फार ऐकू येतं. मरणारच आहे म्हणून मारलं तर दोष नाही, असा हिशेब आम्ही जनावराच्या बाबतीतसुद्धा करत नाही.

पण तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाहीये. माझं म्हणणं आहे की प्रश्न चुकीच्या वेळी विचारला जातो. माझ्या मुला-सुनेच्या आयव्हीएफच्या वेळी आम्ही डॉक्टरांना आधीच सांगितलं, सोडणार तेवढीच बीजांडं फलित करा, बाकीची बीजांडं नुसती गोठवा. त्यांनी स्पष्ट सांगितलं की यशाची शक्यता कमी होईल. मान्य केलं. आज आमच्यापुढं असा फॉर्म नाही. इटलीत २००४ मध्ये असा कायदाच केला होता, एका वेळी तीनच भ्रूण आणि तिन्ही सोडायचे.

अनु_इचलकरंजी

आणि इटलीच्या कायद्यातली ती अट २००९ मध्ये त्यांच्याच घटना न्यायालयानं मोडीत काढली काका, कारण बायकांच्या तब्येतीचा विचार तीत नव्हता. कमी भ्रूण म्हणजे जास्त वेळा इंजेक्शनं, जास्त वेळा भूल, जास्त वेळा सुई. रोज पोटात टोचून घेतलेल्या बाईला विचारा 'एवढंच फलित करा' म्हणणं केवढ्याला पडतं. तुमच्या सुनेला विचारलं होतं का, की 'आम्ही' मान्य केलं?

जयसिंगपूरकर

विचारलं होतं. ती आमच्यापेक्षा कडक आहे. पण प्रश्न रास्त आहे, राग नाही.

मास्तर_गडहिंग्लज

परंपरेचं नाव निघालंच आहे म्हणून. आपल्याकडं एकच उत्तर आहे असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. गर्भोपनिषदात एका रात्रीचा गर्भ म्हणजे कलल, सात रात्रींनी बुद्बुद, पंधरवड्यात पिंड, आणि जीवाशी संयोग सातव्या महिन्यात असं सांगितलंय. चरकाच्या मते मात्र शुक्र, शोणित आणि जीव एकत्र आले तरच गर्भ, म्हणजे जीव पहिल्यापासून. दोन्ही आपलेच. इस्लाममध्ये बरेच धर्मपंडित १२० दिवस धरतात, ज्यू परंपरेत ४० दिवसांआधी नुसतं पाणी मानतात, कॅथलिक चर्च पहिल्या क्षणापासून. इस्राएलमध्ये हे संशोधन जोरात चालतं आणि जर्मनीत स्वतःच्या देशात भ्रूणापासून पेशी काढायलाच बंदी, ते उगीच नाही. जर्मनीचं कारण धर्माइतकंच हिटलरच्या काळातल्या डॉक्टरांचंही आहे.

तांबडापांढरा

मास्तर, कौरव राहिले की! गांधारीच्या गोळ्याचे तुकडे, तुपाचे शंभर हंडे. २०१९ च्या सायन्स काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी सांगितलंच होतं की ते स्टेम सेलचंच तंत्र.

मास्तर_गडहिंग्लज

त्या कुलगुरूंना वैज्ञानिकांनीच झोडपलं होतं. पण त्या कथेत एक बघण्यासारखं आहे. गोळा टाकून द्यायला निघालेली गांधारी आहे, आणि 'टाकू नको' म्हणून त्याचं काय करायचं ते व्यास ठरवतात. आईला काय हवं, हे कुणी विचारत नाही. रंकाळाकाठ यांचा फॉर्म त्या मानानं प्रगतच म्हणायचा.

राजारामपुरी_ओपीडी

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, आयव्हीएफ करत नाही. आपल्या जिल्ह्यात या विषयाला एक वेगळा काटा आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापुरात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. त्यानंतर सोनोग्राफी मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' (तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र) बसवायची मोहीम इथूनच सुरू झाली. त्यामुळं 'भ्रूण' म्हटलं की आमच्या पेशंटच्या डोक्यात पहिल्यांदा पोलीस येतात. संशोधनाला भ्रूण दिला तर 'भ्रूणहत्या' लागेल का, असं मला खरोखर विचारलंय. लागत नाही. लिंग बघून भ्रूण निवडणं हा गुन्हा आहे, डिशमधलासुद्धा. संशोधनाला देणं ही पूर्ण वेगळी गोष्ट.

माझं मत विचाराल तर, ज्या देशात २० आठवड्यांपर्यंत, काही बाबतीत २४ पर्यंत गर्भपात कायदेशीर आहे, तिथं पाच दिवसांच्या पुंजक्यावर एवढं थांबण्यात अर्थ नाही.

अनु_इचलकरंजी

डॉक्टर, हे पटत नाही. गर्भपाताचा हक्क बाईच्या शरीरामुळं आहे. तिच्या मर्जीविरुद्ध कुणी तिचं पोट वापरू शकत नाही म्हणून. डिशमधल्या भ्रूणाला कुणाचंच पोट लागलेलं नाही. त्यामुळं तिथला 'हो' वेगळ्या कारणानं मिळवायला लागेल. मी संशोधनाच्या बाजूची आहे, पण कारण उसनं नको.

आणि भ्रूणाविषयी एवढं बोलतोय, बीजांडाविषयी कुणी बोलत नाही. कोरियात ह्वांग वू-सुक यांनी क्लोन केलेल्या भ्रूणापासून पेशी काढल्याचा दावा केला, २००६ मध्ये ते सगळं बनावट निघालं आणि शोधनिबंध मागं घेतले गेले. पण त्यासाठी बीजांडं दिली कुणी? त्यांच्याच लॅबमधल्या हाताखालच्या मुलींनी सुद्धा. साहेबाला नाही कोण म्हणणार? आपल्या कायद्यात बीजांडदात्रीनं आयुष्यात एकदाच द्यायचं आणि सातपेक्षा जास्त काढायची नाहीत असं आहे. ते का आहे हे अशा प्रकरणांवरून कळतं.

राजारामपुरी_ओपीडी

मुद्दा मान्य. युक्तिवाद बदलतो, मत नाही.

बापू_कागल

मी कमी लिहितो. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, वय आता अकरा. चार वर्षांमागं एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकमध्ये स्टेम सेल केलं. त्याच्याच कमरेच्या हाडातनं काढून पाठीच्या कण्यात सोडलं. त्यासाठी रस्त्याकडचे दोन गुंठे विकले. आधी व्हिडिओ दाखवले, पोरं चालायला लागलेली. आमचा होता तसाच आहे. विचारलं तर म्हणाले, अजून दोन सिटिंग घ्या.

तुमचं भ्रूणाचं चाललंय ते चालू दे. पण या नावाखाली काय विकतात ते आधी बघा.

पेशीवाली

बापूदादा, तुमच्याबद्दल वाईट वाटतं आणि रागही येतो. इतरांसाठी स्पष्ट लिहिते: आयसीएमआरच्या २०१७ च्या तत्त्वांनुसार भारतात उपचार म्हणून मान्यता आहे ती फक्त रक्ताच्या काही आजारांसाठी केल्या जाणाऱ्या बोन मॅरो आणि तत्सम प्रत्यारोपणाला. औषध नियंत्रकांनी नंतर मान्यता दिलेली एखाद-दुसरी तयार औषधं सोडली तर बाकी सगळं फक्त मंजूर चाचणीत, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मणका, अशा कशासाठी 'पॅकेज' सांगितलं की उठून या. ऑटिझमसाठी तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं २०२२ मध्ये स्पष्ट नकार दिलाय.

दादांना दिल्या त्या पेशी भ्रूणाच्या नव्हत्याच. गंमत बघा, जिथं भ्रूण आहे तिथं समित्यांवर समित्या. जिथं भ्रूण नाही तिथं 'तुमच्याच शरीरातल्या, म्हणून सुरक्षित' म्हणून सरळ दुकान.

तांबडापांढरा

बापू, क्लिनिकवर केस टाकलीसा का?

बापू_कागल

सहीचा कागद त्यांच्याकडं. इंग्रजीत होता. त्यात 'फायद्याची हमी नाही' असं लिहिलेलं आहे म्हणे.

मंगळवारपेठी

पेशीवाली ताई, एक विचारतो. जपानच्या यामानाकांनी कातडीच्या पेशींना मागं नेऊन मूलपेशी बनवल्या ना? २००६ ला उंदरात, २००७ ला माणसात, २०१२ ला नोबेल. मग भ्रूण लागतातच कशाला? आत्याबाईंना (धागाकर्तीच्या सासूबाई) सरळ सांगा की आता गरज उरली नाही.

पेशीवाली

असं मलाही कॉलेजात वाटायचं. थोडं खरं आहे, नव्या भ्रूणांची गरज कमी झाली. पण कातडीपासून बनवलेल्या पेशी खऱ्याशी किती जुळतात हे तपासायला 'खऱ्या' पेशी लागतातच. आणि जी औषधं आता माणसापर्यंत आली, त्यातली काही भ्रूणपेशींचीच आहेत. २०२५ मध्ये टाइप १ मधुमेहाच्या एका चाचणीचे निकाल आले. पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षभरानं इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. त्या पेशी भ्रूणापासूनच्या मालिकेतून घडवलेल्या. आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, हा त्यातला काटा. त्याच वर्षी पार्किन्सनच्या दोन छोट्या चाचण्या एकाच दिवशी प्रसिद्ध झाल्या, एक भ्रूणपेशींची, दुसरी क्योटोची, यामानाकांच्या पद्धतीची. दोन्ही घोडी अजून पळतायत.

आणि १९९८ ला मोजलं तर इथवर यायला पंचवीसपेक्षा जास्त वर्षं लागली. ज्या मालिका आज वापरतात त्यातल्या काही अगदी सुरुवातीच्या आहेत. कुणीतरी जोडप्यानं तेव्हा सही केली होती.

मंगळवारपेठी

आणि त्या जोडप्याला ते औषध परवडेल का, हा पुढचा प्रश्न.

पेशीवाली

त्यांचा हक्क शून्य. फॉर्ममध्ये लिहिलेलंच असतं की पेशींतून पैसा झाला तर दात्याला वाटा नाही. अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईंच्या गाठीच्या पेशी १९५१ मध्ये न विचारता घेतल्या, अजून जगभर वापरतात. घरच्यांची एका कंपनीशी तडजोड झाली ती २०२३ मध्ये. तिथं निदान विचारलं नव्हतं. इथं विचारतात, पण ज्या भाषेत विचारतात ते बापूंनी सांगितलंच.

गंगावेशीकर

मला वाटतं आपण कोल्हापूरकर हे पचवू. पंचगंगेत गणपती सोडायचा नाही, मूर्तिदान करायचं, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या तालमीत भांडणं झाली होती. आता रांगा लावून मूर्ती देतात. रक्षासुद्धा नदीत न टाकता शेतात पसरणारी गावं आहेत आपल्याकडं. ताई, द्या तुम्ही.

जयसिंगपूरकर

मूर्तिदानात मूर्तीचं पुढं काय होतं हे सगळ्यांना दिसतं. इथं काय होणार हेच ताईंना कुणी सांगितलेलं नाही. विरोधात असूनही एवढं म्हणतो: द्यायचं असेल तर कुणाला देताय ते कळूनच द्या.

रंकाळाकाठ

सगळ्यांना धन्यवाद. काकांचं शेवटचं वाक्य आणि बापूदादांचा इंग्रजी कागद, हे दोन डोक्यात घेऊन सेंटरमध्ये गेले.

काउंटरवरच्या मुलीला विचारलं, संशोधनाला दिले तर कुठल्या संस्थेत जातात? ती आत गेली. मग कोऑर्डिनेटर बाहेर आल्या. बराच वेळ गोल गोल बोलल्यावर कळलं की त्यांचा कुठल्याच संशोधन संस्थेशी करार नाही. कधी झालेलाही नाही. "मॅडम, फॉर्मॅटमध्ये आहे म्हणून ती चौकट आहे." मग आजवर ज्यांनी टिक केली त्यांच्या भ्रूणांचं काय झालं? "ते डिस्कार्डमध्येच धरतो."

मला भ्रूणाला जीव आहे की नाही हे अजून ठरवता आलेलं नाही, आणि बहुधा येणारही नाही. लेकीच्या आणि त्यांच्या फोटोत फरक दिसत नाही तो नाहीच दिसत. तरी मी द्यायच्या बाजूला झुकले होते. अनुचं पटलं, कारण आपलं असायला हवं. माझं कारण एवढंच की त्या टाकीतलं जे आहे ते माझ्या अंगातून काढलेलं आहे, आणि त्याचं काय व्हावं यावर माझा शब्द चालायला हवा. पण तो शब्द एका खोट्या चौकटीत टाकायला मी तयार नाही.

एका वर्षाचं भाडं भरलंय. सासूबाई जिंकल्या, त्यांना सांगितलेलं नाही. आणि सेंटरला लेखी पत्र देतेय, मराठीत.

राजारामपुरी_ओपीडी

लाजिरवाणं आहे, आश्चर्य मात्र वाटत नाही. पत्राची पोच शिक्क्यासह घ्या.

पेशीवाली

पत्रात एवढं विचाराच: कुठली संस्था, ती एआरटी कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, तिथल्या स्टेम सेल संशोधन समितीची मंजुरी आहे का. आणि पेशी काढायच्या आधी संमती मागं घ्यायची असेल तर कुणाला कळवायचं. मी माझ्या बाजूनं विचारते, उरलेले भ्रूण रीतसर घेणारं सध्या कोण आहे ते. परळ आणि बंगळूर दोन्हीकडं ओळखीचे आहेत.

बापू_कागल

ताई, पत्राचा मसुदा इथं टाका. मला पण माझ्या क्लिनिकला एक लिहायचंय.

रंकाळाकाठ

टाकते दादा, उद्या संध्याकाळपर्यंत. तुमच्या सहीच्या कागदाची प्रत मागायची ओळ त्यात वेगळी घालते.